लिन कॉनवे
लिन ॲन कॉनवे (२ जानेवारी १९३८ – ९ जून २०२४) या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ, विद्युत अभियंत्या आणि मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापिका होत्या. व्हीएलएसआय, म्हणजेच एका चिपवर हजारो ट्रान्झिस्टर सामावणाऱ्या परिपथांची रचना सर्वसाधारण विद्यार्थ्यालाही शिकता येईल अशी पद्धत त्यांनी कार्व्हर मीड यांच्यासह विकसित केली.

कोलंबिया विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेऊन त्या १९६४ मध्ये आयबीएममध्ये रुजू झाल्या. तेथील एसीएस महासंगणक प्रकल्पात त्यांनी एका वेळी अनेक सूचना, प्रसंगी मूळ क्रम सोडूनही, पार पाडण्याची पद्धत शोधली. त्या पारलिंगी असून लिंगबदल करीत असल्याचे कळल्यावर १९६८ मध्ये कंपनीने त्यांना कामावरून काढले. नव्या नावाने त्यांनी कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून पुन्हा सुरुवात केली. पूर्वायुष्य उघड होण्याच्या भीतीने आयबीएममधील शोधावर त्यांना सुमारे तीस वर्षे हक्क सांगता आला नाही.

१९७३ मध्ये त्या झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात आल्या. त्या काळी चिपची रचना कारखान्यातील मोजक्या तज्ज्ञांपुरती मर्यादित होती आणि प्रत्येक कारखान्याचे नियम निराळे होते. मीड आणि कॉनवे यांनी रेषांची रुंदी व त्यांमधील अंतर ही सर्व मापे 'लॅम्डा' या एकाच एककाच्या पटीत मांडली. तंत्र सुधारून ट्रान्झिस्टर लहान झाले, की लॅम्डाचे मूल्य बदलावे. आराखडा बहुतांशी तोच राहतो. नियम थोडे सैल ठेवल्याने काही जागा वाया जाई, पण त्या बदल्यात चिपरचना वर्गात शिकवता येऊ लागली.

१९७८ मध्ये कॉनवे यांनी एमआयटीमध्ये हा अभ्यासक्रम शिकवला. विद्यार्थ्यांचे आराखडे एकत्र करून ते ह्यूलेट-पॅकार्डकडून सिलिकॉनवर उतरवण्यात आले. एकाच वेफरवर अनेकांचे आराखडे असल्याने खर्च वाटला गेला. पुढील वर्षी १२ विद्यापीठांतील आराखडे अर्पानेटवरून मागवण्यात आले; त्यांत सिलिकॉन ग्राफिक्सचे संस्थापक जिम क्लार्क यांचे 'जॉमेट्री इंजिन'ही होते. या प्रयोगातूनच १९८१ मध्ये 'मोसिस' ही सेवा उभी राहिली. मीड व कॉनवे यांचे 'इंट्रोडक्शन टू व्हीएलएसआय सिस्टिम्स' हे पाठ्यपुस्तक १९८० मध्ये प्रकाशित झाले.

डार्पातील कामानंतर १९८५ मध्ये त्या मिशिगन विद्यापीठात प्राध्यापिका व अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहयोगी अधिष्ठाता झाल्या आणि १९९८ मध्ये निवृत्त झाल्या. एसीएस प्रकल्पाचा इतिहास शोधला जाऊ लागल्यावर त्यांनी आपली कहाणी स्वतःच जाहीर केली. आयबीएमने २०२० मध्ये त्यांची जाहीर माफी मागितली आणि त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला.