दोन केबल होत्या, तरी दुधाचा पगार अडकला: स्टोरेजचं पाथ फेलओव्हर

या भागात बरेच तांत्रिक शब्द आहेत, म्हणून ऐकताना सुटलं तर इथे वाचा. बोलण्यातली भाषा बऱ्यापैकी तशीच ठेवली आहे.

आजचा विषय जरा सर्व्हर रूममधला आहे, पण घाबरू नका. शेतावरच्या विहिरीपासून सुरू करू. समजा तुमच्या विहिरीवर दोन मोटरी आहेत. एक जळाली तर दुसरी आहे, म्हणून तुम्ही निवांत. पण दोन्ही मोटरी एकाच डीपीवर आहेत. डीपी जळाला की दोन्ही बंद. मोटरी दोन होत्या हे खरं, पण पाणी बंद पडायला एकच कारण पुरलं.

आपल्या नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, एका दूध संकलन करणाऱ्या संस्थेत अगदी हेच झालं. नाव सांगत नाही. मी पुण्यात बॅकएंडचं काम करतो, स्टोरेज हे माझं रोजचं काम नाही. बीटेकला हा विषय एका युनिटमध्ये उरकला होता. पण ओळखीतून फोन आला आणि सुट्टीच्या दिवशी मी तिथे पोहोचलो.

आधी मांडणी समजून घेऊ

तिथे दोन सर्व्हर होते आणि दोन्हीवर व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय. अशा सर्व्हरला होस्ट म्हणतात. एका होस्टवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम चालतात: एकीवर दुधाचं बिलिंग, दुसरीवर अकाउंट्स, असं. व्हीएमच्या डिस्क मात्र होस्टमध्ये नव्हत्या. त्या वेगळ्या स्टोरेज ॲरेमध्ये होत्या. ॲरे म्हणजे डिस्कने भरलेली पेटी, आणि तिचा कारभार बघणारे दोन कंट्रोलर, ए आणि बी. एक गेला तर दुसऱ्याने काम उचलायचं, म्हणून दोन. ॲरे डिस्कचा जो तुकडा होस्टला वापरायला देते त्याला लन म्हणतात.

होस्टपासून लनपर्यंत जाणारी प्रत्येक वाट म्हणजे एक पाथ. एक पाथ तुटला की काम आपोआप दुसऱ्यावर जाणं म्हणजे पाथ फेलओव्हर.

पहिला घोळ: केबल

त्या दिवशी ॲरेचं फर्मवेअर अपडेट चाललं होतं. यात कंट्रोलर एकेक करून रीबूट होतात. ए बंद झाला, त्याचे लन बीकडे गेले, इथपर्यंत सगळं बरोबर. पण सगळ्या व्हीएम जागच्या जागी गोठल्या.

तिथला कॉम्प्युटर विभाग बघणारा मुलगा म्हणाला, "दादा, स्क्रीनवर तर दोन-दोन पाथ दिसत होते ना!"

दिसत होतेच. प्रत्येक होस्टच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचमध्ये होत्या. पण दोन्ही स्विचमधून पुढे गेलेल्या केबल ए कंट्रोलरच्याच दोन पोर्टमध्ये होत्या. बीचे पोर्ट रिकामे. विहिरीवर दोन मोटरी आणि डीपी एक.

सगळे पाथ एकदम गेले की ईएसएक्सआय त्याला 'ऑल पाथ्स डाउन' म्हणतं. मूळ सेटिंगप्रमाणे ते १४० सेकंद वाट बघतं. त्यानंतर होस्ट स्वतःची त्या लनवरची कामं सोडून देतो, पण व्हीएमचं वाचन-लेखन मात्र पुन्हा पुन्हा करून बघत राहतो. व्हीएमच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम एवढा दम धरत नाही. लिनक्स डिस्कसाठी साधारणपणे ३० सेकंद थांबतं, व्हीएमवेअर टूल्स टाकलेले असतील तर हा वेळ १८० सेकंद होतो. बिलिंगच्या व्हीएममध्ये टूल्स नव्हते. ए परत आला तोवर तिची फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झाली होती. ती दुरुस्त करून डेटाबेस बॅकअपवरून मिळवून घेण्यात दिवस गेला आणि दहा दिवसांचा दुधाचा पगार एक दिवस उशिरा झाला. ज्याच्या घरी पेंडीची उधारी त्या पगारावर फिटते, त्याला एक दिवसही जड जातो. तो फोन करून विचारतो, आणि त्याला 'कंट्रोलर' सांगून काय उपयोग?

दुसरा घोळ: हा माझा

मी केबल नीट केल्या. प्रत्येक स्विचमधून एक केबल एला, एक बीला. होस्टचे दोन पोर्ट, प्रत्येकातून दोन्ही कंट्रोलरपर्यंत वाट, म्हणजे एका लनला चार पाथ. मग मला वाटलं, भार वाटून देऊ. पहिल्या होस्टला 'फिक्स्ड' पॉलिसी लावून एची वाट पसंतीची ठरवली, दुसऱ्याला बीची. आणि सगळं भयंकर स्लो झालं.

कारण असं की अशा ॲरेमध्ये एका वेळी लनचा मालक एकच कंट्रोलर असतो. ॲरेमध्ये होस्टची नोंद जुन्या ॲक्टिव्ह-पॅसिव्ह प्रकाराची होती. त्यात मालक नसलेल्या कंट्रोलरकडून काम होतच नाही. तिकडून काम करून घ्यायचं तर होस्टला आधी लनच तिकडे ओढून घ्यावा लागतो. पहिला होस्ट लन एकडे ओढतोय, दुसरा बीकडे. रात्री पाण्यावर दारं धरायला दोन भाऊ गेलेत, एक पाणी इकडच्या सरीत वळवतो, दुसरा लगेच तिकडच्या, आणि भिजत कुठलंच रान नाही. स्टोरेजमध्ये याला पाथ थ्रॅशिंग म्हणतात.

मग बरोबर काय?

ॲरे आणि होस्ट, दोघांनी एकच भाषा बोलायची. आजच्या बहुतेक दोन-कंट्रोलर ॲरेसाठी ती भाषा म्हणजे अलुआ. हा स्कझी मानकाचाच भाग आहे. यात ॲरे होस्टला प्रत्येक पाथबद्दल स्वतः सांगते: हा मालकाकडे जाणारा, 'ऑप्टिमाइज्ड', हा दुसऱ्या कंट्रोलरमार्गे जाणारा, चालेल पण लांबचा, 'नॉन-ऑप्टिमाइज्ड'.

मी केलेला क्रम असा:

१. ॲरेमध्ये होस्टची नोंद उघडून प्रकार व्हीएमवेअर आणि फेलओव्हर मोड अलुआ केला. हे एका वेळी एकाच होस्टसाठी. त्यावरच्या व्हीएम आधी दुसऱ्या होस्टवर हलवल्या, मग होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये घातला.

२. होस्ट रीबूट केला. लनला कुठला नियम लावायचा हे ईएसएक्सआय लन ओळखतानाच ठरवतं, म्हणून नुसतं रिफ्रेश करून भागत नाही.

३. पॉलिसी 'राउंड रॉबिन' ठेवली. ही फक्त ऑप्टिमाइज्ड वाटांवर आळीपाळीने काम टाकते, मूळ सेटिंगमध्ये दर १००० आयओनंतर वाट बदलते. त्या सगळ्या गेल्या तरच लांबची वाट धरते. पॉलिसी प्रत्येक ॲरे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये बघूनच ठेवा.

४. होस्टच्या स्टोरेज डिव्हायसेसमध्ये पाथ्स उघडून बघितलं. चारपैकी दोन 'ॲक्टिव्ह आयओ' आणि दोन नुसते 'ॲक्टिव्ह' दिसले. असंच दिसायला हवं.

५. सगळ्या व्हीएममध्ये टूल्स टाकले.

लिनक्सवर, म्हणजे प्रॉक्समॉक्ससारख्या ठिकाणी, तत्त्व हेच. २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून बरेच जण तिकडे वळलेत. तिथे मल्टिपाथची टूल्स आपणच टाकायची आणि पाथचे गट 'मल्टिपाथ डॅश एल एल' कमांडने बघायचे.

आणि शेवटी केबल ओढायची

सहावी पायरी सगळ्यात महत्त्वाची. चाचणीची एक व्हीएम सुरू ठेवून तिच्यात फाइल कॉपी करायला लावली. मग एक केबल ओढली. कॉपी चालूच. ती लावली, पाथ परत आला का बघितलं, मग एक स्विच बंद केला. शेवटी ए कंट्रोलर रीबूट केला. कॉपी काही सेकंद अडली आणि पुढे चालू लागली. तो मुलगा खुर्चीतून उठून उभा राहिला होता, तो तेव्हा बसला.

एक सांगतो: एकाच कंट्रोलरवर असताना ॲरे थोडी स्लो होऊ शकते. लिहिलेल्या डेटाची कॅशमधली प्रत दोन्ही कंट्रोलर एकमेकांकडे ठेवतात. जोडीदार नसेल तर बऱ्याच ॲरे थेट डिस्कवर लिहायला लागतात. तो दोष नाही, डेटा जपायची काळजी आहे.

पण चाचणी एकदा करून विसरायची नाही. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा, मुंबईची वीज गेली आणि लोकल जागेवर थांबल्या. ऊर्जामंत्र्यांनी तेव्हा सांगितलं होतं की महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा-पडघा यंत्रणेत पहिल्या सर्किटची देखभाल सुरू होती, सगळा भार दुसऱ्यावर होता आणि त्यातच बिघाड झाला. दुसरी वाट एकटी पडली की ती राखीव राहत नाही. म्हणून एक पाथ मेला तरी त्याच दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवर अलर्ट आला पाहिजे. सिस्टिम चालू आहे म्हणून कुणी बघत नाही, आणि पहिला मेलेला पाथ कळतो तो दुसरा मेल्यावर.

संस्थेत आता दर तीन महिन्यांनी, पगाराचा दिवस सोडून, एक केबल मुद्दाम ओढतात. भिंतीवर कागद लावलाय: तारीख, कुठली केबल, काय झालं. तुमच्या ऑफिसात असा कागद आहे का? उद्या विचारा, आणि काय उत्तर मिळालं ते मला कळवा. चला, भेटू पुढच्या भागात!