धाकट्या गावाचा उंच दगड

इ. स. ७३८ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला मध्य अमेरिकेत एका राजाचा शिरच्छेद झाला. मारला गेलेला वाशाकलाहून उबाह काविल हा कोपान या माया नगरराज्याचा तेरावा राजा. तो ४३ वर्षे गादीवर होता आणि त्याच्या काळात कोपानची शिल्पकला कळसाला पोचली होती. त्याला मारणारा त्याचाच मांडलिक होता, किरिग्वा या लहानशा गावाचा अधिपती काक तिलिव चान योपात. ७२४ च्या अखेरीस त्याला गादीवर बसवले गेले, ते याच कोपानच्या राजाच्या आधिपत्याखाली. ही गोष्ट किरिग्वाचे शिलालेखच सांगतात.

काक तिलिव पुढे ७८५ पर्यंत जगला. साठ वर्षांची ही कारकीर्द माया इतिहासातल्या दीर्घ कारकिर्दींत मोडते. पण त्याच्या शिलालेखांत ना कराचा हिशेब आहे, ना न्यायनिवाडे, ना धान्याची कोठारे. आहेत ते राज्यारोहण, पूजाविधी, कालगणना, आणि ७३८ मधली ती घटना. ती एकदा कोरून त्याचे भागले नाही. एकामागून एक शिळांवर तो तिच्याकडे परत परत येतो. एवढ्या थोड्या भांडवलावर त्याने राज्य कसे उभे केले, हेच या कारकिर्दीत पाहण्याजोगे आहे.

नदी आणि तिचा नाकेदार

किरिग्वा आजच्या ग्वाटेमालातल्या इझाबाल प्रांतात, मोतागुआ नदीच्या खालच्या खोऱ्यात वसले आहे. कोपान तिथून सुमारे ५० किलोमीटर दक्षिणेला, आजच्या होंडुरास देशात. कोपान नदी पुढे जाऊन मोतागुआलाच मिळते. मायांना सोन्याहून प्रिय असलेला हिरवा जेड दगड याच मोतागुआच्या खोऱ्यातून येई. ज्वालाकाच आणि कोको यांची ने-आणही याच वाटेने कॅरिबियन किनाऱ्याकडे चाले. किरिग्वा या वाटेवरचा नाका होता. किरिग्वाच्याच एका उत्तरकालीन लेखानुसार तिथला पहिला अधिपती ४२६ मध्ये कोपानच्या राजवंशाचा संस्थापक किनिच यश कुक मो याच्या देखरेखीखाली गादीवर आला. म्हणजे जन्मापासूनच हे गाव कोपानचे ठाणे.

दोघांच्या ताकदीत मोठी तफावत होती. भरभराटीच्या काळात कोपानच्या खोऱ्यात वीसेक हजार माणसे राहत असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. किरिग्वाची वस्ती फार तर काही हजारांची. तेराव्या राजाने कोपानच्या मुख्य चौकात स्वतःच्या प्रतिमांचे स्तंभ रांगेने उभारले होते. ७३८ च्या जानेवारीत त्याने नव्याने बांधलेल्या चेंडूच्या खेळाच्या मैदानाचे लोकार्पण केले. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांत त्याचा अंत झाला.

बंडामागचा हात

एवढ्या बलाढ्य धन्यावर हात टाकण्याचे धाडस आले कुठून? याचा धागा किरिग्वाच्या ‘आय’ या स्तंभावर सापडतो. हा स्तंभ काक तिलिवच्या मृत्यूनंतर, ८०० च्या सुमारास उभा राहिला. त्यात ७३६ सालच्या संदर्भात दूर उत्तरेकडच्या कालाकमुलच्या राजाचे नाव येते. त्या काळचे माया राजकारण दोन महासत्तांभोवती फिरे, तिकाल आणि कालाकमुल. ६९५ मध्ये तिकालने कालाकमुलचा मोठा पराभव केला होता, आणि कोपानचे संबंध तिकालशी जुळलेले होते. तिकालच्या मित्राला त्याच्याच मांडलिकाकडून पाडणे आणि जेडची वाट मोकळी करून घेणे, हा कालाकमुलच्या दृष्टीने दुहेरी लाभ होता. म्हणून अनेक अभ्यासक या बंडामागे कालाकमुलची फूस पाहतात.

लेखांतून घटनाक्रम असा दिसतो: आधी कोपानच्या देवतांच्या मूर्तींना आग लागली, आणि सहा दिवसांनी राजाचे मस्तक उडाले. कोपान शहर मात्र लुटले गेले नाही. उत्खननात तिथे हल्ल्याच्या खुणा मिळत नाहीत, आणि तेराव्या राजाचे स्तंभ त्याच्या चौकात धडधाकट उभे राहिले. त्यामुळे राजा एखाद्या चकमकीत गाठला गेला असावा, असा तर्क केला जातो. किरिग्वाने कोपान जिंकले नाही. कोपानचा राजा मारला, एवढेच. या दोहोंतले अंतर काक तिलिवला नीट माहीत असणार, कारण पुढची सत्तेचाळीस वर्षे तो ते अंतर दगडाने भरून काढत राहिला.

साठाहून अधिक टनांचा दावा

विजयानंतर त्याने ‘पवित्र अधिपती’ हे स्वतंत्र राजाचे बिरुद लावले आणि गावाचा आराखडाच बदलला. उत्तरेला प्रशस्त चौक, दक्षिणेला राजवाड्याचा उंचवटा, मध्ये चेंडूच्या खेळाचे मैदान, ही सगळी मांडणी कोपानच्या धर्तीवर झाली. किरिग्वाचा चौक सुमारे ३०० मीटर लांब आहे. एवढ्याशा गावाला तो अंगापेक्षा मोठा होतो.

मग स्तंभ उभे राहू लागले. मायांचे वर्ष, ‘तुन’, ३६० दिवसांचे. अशा पाच वर्षांचा टप्पा पुरा झाला की एक नवा स्तंभ. ७५१, ७५६, ७६१, ७६६, ७७१, ७७५ असा हा क्रम चालला, आणि ७७१ मध्ये दगडांची उंची शिगेला पोचली. त्या वर्षी उभारलेला ‘ई’ स्तंभ १०.६ मीटर लांब आहे. त्यातला सुमारे तीन मीटर भाग जमिनीत गाडलेला. वजन साठ टनांहून अधिक मानले जाते. माया जगात याहून उंच स्तंभ सापडलेला नाही. ओझे वाहायला जनावर नाही, गाडी नाही, छिन्नीला लोखंड नाही. काही किलोमीटरवरच्या टेकड्यांतून हा वालुकाश्म माणसांनी दोरखंडांवर ओढत आणला आणि दगडी हत्यारांनी कोरला.

शैलीतही कोपानची छाया आहे. कोपानचा ज्वालामुखीय दगड मऊ. त्यातून मूर्ती जवळजवळ सुट्या करता येत. किरिग्वाच्या कारागिरांच्या वाट्याला आलेला दगड कठीण होता. त्यांनी चेहरा खोल कोरला आणि उरलेला देह पातळ उठावात ठेवला. दोन्ही बाजूंना राजा, हनुवटीवर दाढी, डोक्यावर मुखवट्यांचा उंच मुकुट, आणि कडांवर लेख. ‘डी’ स्तंभावर तर अंकांच्या जागी पूर्णाकृती देव आणि प्राणी एकमेकांशी झटताना कोरले आहेत. मायालिपीतल्या सर्वांत देखण्या अक्षरांत त्यांची गणना होते.

कोपानच्या राजांना अशा उंचीची गरज पडली नव्हती. त्यांच्यामागे तीन शतकांची वंशावळ होती. काक तिलिवपाशी एक दिवस होता.

देवांच्या पंगतीत

नुसती उंची पुरणार नव्हती, म्हणून त्याने काळाकडे मोर्चा वळवला. ७७५ मधल्या ‘सी’ स्तंभावर चालू विश्वाच्या आरंभाची तारीख कोरली आहे. आपल्या हिशेबाने ती इ. स. पू. ३११४ च्या ऑगस्टमध्ये येते. त्या दिवशी देवांनी तीन दगड रोवले, असे लेख सांगतो, आणि कोणत्या देवाने कोणता दगड रोवला हेही देतो. मायांच्या घरातली चूल आपल्याकडच्यासारखीच तीन दगडांची. विश्वाची सुरुवात म्हणजे आकाशात मांडलेली चूल, ही कल्पना तिथल्या कोणाही शेतकऱ्याला कळणारी होती.

याच लेखात, त्याच ओळींच्या पुढे, काक तिलिवच्या विधीची नोंद येते. देवांनी दगड रोवले, राजाही दगड रोवतो आहे. ‘एफ’ आणि ‘डी’ स्तंभांवरचे हिशेब तर कोट्यवधी वर्षे मागे जातात. वंशावळ लहान असली की माणूस पूर्वज शोधतो; याने थेट सृष्टीचा आरंभ गाठला.

हरलेल्यांची लेखणी

कोपानमध्ये ३९ दिवसांनी नवा राजा गादीवर आला. त्याच्या नावाचा एकही स्तंभ मिळत नाही. पुढचा राजा काक यिप्याज चान काविल याने मात्र अपुरा राहिलेला लेखांकित जिना ७५५ च्या सुमारास पुरा केला. दोन हजारांहून अधिक अक्षरठोकळ्यांचा हा माया जगातला सर्वांत लांब शिलालेख. त्यावर कोपानचे पूर्वज योद्ध्यांच्या वेशात बसले आहेत. तेराव्या राजाचा मृत्यूही तिथे नोंदलेला आहे, पण युद्धात, शस्त्राने आलेला मृत्यू म्हणून. किरिग्वा ज्याला वध म्हणते, त्याला कोपान वीरमरण म्हणते. पुढे ७७६ मध्ये सोळाव्या राजाने ‘क्यू’ वेदीवर सोळाही राजे ओळीने बसवले, त्यात तेरावाही आपल्या जागी आहे.

हा सगळा वाद आपल्याला वाचता येतो, तो गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या संशोधनामुळे. १८४० मध्ये चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड किरिग्वाला पोचला. १८८१ पासून आल्फ्रेड मॉड्स्ले यांनी छायाचित्रे आणि साचे घेतले. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एरिक थॉम्पसन यांच्यासारखे दिग्गज मानत, की हे लेख ग्रह-तारे आणि कालपूजेचे आहेत, त्यांत माणसांचा इतिहास नाही. १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह यांनी लिपी उच्चारानुसारी असल्याचे मांडले, १९५८ मध्ये हाइनरिख बर्लिन यांनी नगरचिन्हे ओळखली, आणि १९६० मध्ये तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी एका नगरीच्या तारखांतून राजांची आयुष्ये उलगडली. १९६२ मध्ये डेव्हिड केली यांनी तीच दृष्टी किरिग्वाला लावून तिथल्या राजांची परंपरा मांडली. कालपूजक मानलेला दगड राजकारण बोलू लागला.

विजय किती पुरला?

काक तिलिवच्या मृत्यूची नोंद त्याच्या वारसाने एका अवाढव्य प्राणिशिळेवर केली. त्यानंतर किरिग्वाच्या राजांची स्वतंत्र नोंद पाव शतकच चालते. ८१० मध्ये तिथल्या एका वास्तूवर शेवटचा मोठा लेख कोरला गेला, आणि त्यात कालखंडसमाप्तीचा विधी करणाऱ्यांत कोपानचा सोळावा राजा यश पासाज येतो. जुना वैरी पाहुणा झाला होता, आणि ही नोंद किरिग्वानेच कौतुकाने ठेवली. ८२२ मध्ये कोपानची एक वेदी अर्धवट कोरलेली राहिली; पुढे दोन्हीकडे राजे उरले नाहीत.

७३८ च्या घावाने किरिग्वाला सात दशकांचे स्वातंत्र्य आणि व्यापारी वाटेचा ताबा मिळवून दिला. कोपान मात्र त्याच्या हाती कधी आले नाही, आणि कोपाननेही हा पराभव आपल्या वंशकथेत पचवला. काक तिलिवच्या विजयाची धार मात्र तो सांगणारा जिवंत होता तोवरच टिकली. तो गेल्यावर त्या एका दिवसाचा वारसा चालवण्यात ना किरिग्वाचा लाभ होता, ना कोपानचा. नदी दोघांचीही एकच होती, आणि जेड, कोको तिच्यावरूनच जायचे होते.