रानातल्या गुरांसाठी नळाचे पाणी

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना जांबोटीच्या पुढे रान दाट होत जाते. पावसाळ्यात या मुलखात पाण्याला तोटा नसतो. मलप्रभेचा उगम येथून जवळच, कणकुंबीस आहे. परंतु चैत्र संपत आला की हीच भूमी तहानेलेली दिसू लागते. सकाळी माळावर म्हशी सोडणाऱ्या गवळ्यास दुपारी त्याच म्हशी पाण्यासाठी मैल-दीड मैल हाकीत न्याव्या लागतात आणि तितक्याच परत आणाव्या लागतात. एवढा पाऊस पडूनही असे का व्हावे?

याचे कारण पायाखालच्या दगडात आहे. इकडील सड्यांवर जांभा दगड आहे आणि तो सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी तो गिळतो, पण पृष्ठभागावर धरून ठेवीत नाही. ते खाली मुरत जाते आणि घट्ट मातीचा किंवा खडकाचा थर लागला की डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे पाणी एका जागी आणि चारा दुसऱ्या जागी, अशी ही ताटातूट आहे. ती मोडण्याचे दोन मार्ग आहेत. एक, गुरांना पाण्याकडे नेणे. दुसरा, पाण्यास गुरांकडे आणणे.

पहिला मार्ग फुकटाचा वाटतो, पण तसा तो नाही. गाईच्या दुधात शंभरातले सुमारे ८७ भाग पाणीच असते. म्हशीच्या दुधात ते थोडे कमी, इतकेच. दुभत्या जनावरास उन्हाळ्यात दिवसाकाठी ५० ते ८० लिटर पाणी लागते. ते कमी पडले की दूध आटते, आणि उन्हातली पायपीट उरलेल्या दुधाचीही वाट लावते. शिवाय शेकडो खूर रोज एकाच झऱ्यात शिरले की झऱ्याचा चिखल होतो. अशा दलदलीत गोगलगायी वाढतात व त्यांच्यावाटे यकृतातील चपट्या कृमींचा रोग गुरांत पसरतो. ज्या पाण्यावर जगावयाचे तेच असे हळूहळू नासते.

आता दुसऱ्या मार्गाचा हिशेब पाहू. शंभर म्हशी आणि प्रत्येकीस ६० लिटर, म्हणजे दिवसाचे ६,००० लिटर पाणी झाले. आकडा मोठा दिसतो. पण दिवसाचे चोवीस तास धरले तर तो मिनिटाला सव्वाचार लिटरांहूनही कमी भरतो. एवढीशी धार अंगठ्याएवढ्या नळीतून सहज जाते. म्हशी मात्र चोवीस तास पीत नाहीत. सगळ्या एकदमच येतात. म्हणून रात्रभर वाहणारे पाणी साठविण्यास माळावर टाकी हवी आणि तिच्या पायथ्याशी लांबट दोण हवी. दोणीत तरंगता गोळा बसविला की ती भरताच पाणी आपोआप बंद होते.

झरा माळाहून उंचावर असेल तर पंपाची गरज नाही. उतारच पाणी वाहून नेतो. मात्र नळाच्या कडेशी होणाऱ्या घर्षणात उंचीचा काही भाग खर्ची पडतो. आतून २६ मिलिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या नळातून वर सांगितलेली धार २ किलोमीटर न्यावयास साधारण अडीच मीटर उंची खर्च होते. तोच नळ निम्म्या रुंदीचा घेतला, तर खर्च दुप्पट न होता सुमारे तीसपट होतो! नळाच्या किमतीत केलेली काटकसर पुढे अशी अंगाशी येते.

उतार अधिक असल्यास अडचण उलट दिशेने येते. दर १० मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब वाढतो. १२० मीटर खोल उतरलेल्या नळाचे तोंड बंद होताच बारा किलोंचा दाब येतो आणि हलका नळ फुटतो. यावर उपाय म्हणजे वाटेत उघडी टाकी बांधून पाण्याचा दाब मोडणे. हा उपाय आपल्या मुलखास नवा नाही. विजापुरास १६५१ साली बांधलेल्या बेगम तलावाचे पाणी मातीच्या नळांतून शहरात येई, आणि दाबाने नळ फुटू नयेत म्हणून वाटेत ‘गंज’ नावाचे मनोरे उभारलेले होते. नळ जेथे चढून पुन्हा उतरतो तेथे हवा कोंडते व प्रवाह अडतो. तेथे हवा सोडणारी झडप लागते. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्यास पाणी आणले, त्या वाटेवरील उच्छ्वासांचे नाव येथे सहज आठवते.

नळ जमिनीत हातभर खोल पुरावा. उघडा राहिला तर वणव्यात जळतो, गव्यांच्या पायाखाली येतो, आणि उन्हाने त्यातील पाणी इतके तापते की जनावर त्यास तोंड लावीत नाही. उघड्या पाटाने पाणी नेण्याचा मोह तर टाळावाच. ऑस्ट्रेलियात खोल विंधनविहिरींचे पाणी मेंढ्या-गुरांसाठी मैलोगणती उघड्या चरांतून सोडले जाई. त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी उन्हात उडून व जमिनीत जिरून जात असे. १९९९ पासून तेथे सरकारी साहाय्याने चर बुजवून नळ घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले.

येथवर सारे सोपे वाटेल. खरा प्रश्न पुढेच आहे. झरा गवळ्यांच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. त्याच पाण्यावर खालच्या वाडीची माणसे आणि रानातील श्वापदे जगतात. म्हणून झऱ्याचे माप श्रावणात घेऊ नये, वैशाखात घ्यावे. आणि त्या मापाचा काही भागच नळात घ्यावा, बाकीचे पाणी ओढ्यात वाहू द्यावे. टाकीवरून सांडणारे पाणीही वाया घालवू नये. म्हशीस घाम थोडा येतो, तिला डुंबल्यावाचून चैन पडत नाही. तेव्हा ते पाणी दोणीपासून दूर, एखाद्या खळग्यात सोडावे. रान राखीव असेल तर नळासाठी चर खणण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. जांबोटीच्या दक्षिणेकडील भीमगडचे रान २०११ पासून अभयारण्य आहे, हे येथे ध्यानात ठेवावे.

शेवटी, नळ घातला म्हणजे काम झाले असे नाही. झऱ्याच्या तोंडची जाळी पालापाचोळ्याने तुंबते, जोड सुटतात, तरंगता गोळा अडकतो. आठवड्यातून एकदा झऱ्यापासून दोणीपर्यंत नळाच्या वाटेने चालत जाणारा एक माणूस नेमलेला असावा आणि त्याच्या मेहनतान्यासाठी प्रत्येक घराने दुधाच्या पैशांतून थोडी वर्गणी बाजूस काढावी. हे आधी ठरले नाही, तर पहिला जोड सुटताच म्हशी पुन्हा जुन्या वाटेने झऱ्याकडे निघतील. म्हणून नळ विकत घेण्यापूर्वी वाडीची बैठक बोलवावी.