हाक एक, ओ देणारे अनेक

मोबाइलवरून वस्तू मागवली की शेवटी पैसे भरायची वेळ येते. कुणी यूपीआय निवडतं, कुणी कार्ड, कुणी घरपोच रोख. तिन्हींची आतली प्रक्रिया निराळी, पण बिल करणारा प्रोग्राम ‘पैसे घे’ एवढीच हाक मारतो आणि समोरचा ऑब्जेक्ट आपापल्या रीतीने ओ देतो. उद्या चौथा मार्ग आला तर नवा क्लास लिहायचा. बिलाच्या कोडला हात लावायचा नाही. हाच पॉलिमॉर्फिझम, म्हणजे बहुरूपता. मोठी सॉफ्टवेअर न मोडता वाढतात, ती बऱ्याच अंशी याच्याच बळावर.

याची मुळं नॉर्वेत आहेत. ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगॉर्ड यांनी ऑस्लोत घडवलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत अशी सोय होती. त्याच १९६७ साली ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी कोपनहेगनच्या व्याख्यानांत बहुरूपतेचे ‘पॅरामेट्रिक’ (एकच कोड अनेक टाइपांना चालणारा) आणि ‘ॲड हॉक’ (टाइपनुसार वेगळा कोड चालणारा) असे दोन प्रकार मांडले.

आपल्याकडे विद्यार्थी परीक्षेसाठी ओव्हरलोडिंग आणि ओव्हररायडिंग ही जोडी पाठ करतात. खरं पाहायचं ते हे, की नेमकं कोणतं फंक्शन चालवायचं हे कोण ठरवतं आणि केव्हा. ओव्हररायडिंगमध्ये, म्हणजे वरच्या ‘पैसे घे’सारख्या हाकेत, निवड प्रोग्राम चालू असताना होते. सी++ मध्ये सहसा अशी फंक्शनं असलेल्या प्रत्येक क्लासमागे त्यांच्या पत्त्यांचा एक तक्ता असतो. ऑब्जेक्ट त्याकडे बोट दाखवतो आणि तिथून योग्य फंक्शन सापडतं. ओव्हरलोडिंगमध्ये मात्र एकाच नावाच्या फंक्शनांमधली निवड कंपायलर आधीच, दिलेल्या माहितीचा टाइप पाहून, करून मोकळा होतो.

पॅरामेट्रिक प्रकार जावात २००४ साली ‘जेनेरिक्स’च्या रूपाने आला. त्याआधी यादीत काहीही घालता येई, आणि चुकीची वस्तू शिरल्याचं अनेकदा प्रोग्राम चालताना कोसळल्यावरच कळे. आता ‘ही फक्त पूर्णांकांची यादी’ असं सांगितलं की कंपायलरच दारात अडवतो.

जावाच्या त्याच आवृत्तीत साध्या आकड्याचं आपोआप ऑब्जेक्ट करण्याची सोयही आली, आणि तिथे हे प्रकार एकमेकांत अडकतात. समजा, यादीत ७, ८ आणि १ आहेत. यादीतून वस्तू काढणाऱ्या ‘रिमूव्ह’ला १ दिला, तर १ निघायला हवा असं कुणालाही वाटेल. निघतो ८! कारण या नावाची दोन फंक्शनं आहेत: एक क्रमांकावरून काढणारं, दुसरं वस्तूवरून. साधा पूर्णांक दिसताच कंपायलर पहिलं उचलतो, आणि क्रमांक शून्यापासून मोजले जातात. कुठे तक्रार नाही, इशारा नाही. इथे १ हाच आकडा काढायचा असेल, तर तो ‘इंटिजर’ ऑब्जेक्ट म्हणून स्पष्टपणे द्यावा लागतो.