क्वांटम इंटरनेट: येरमाळ्यापर्यंत काय येईल, काय येणार नाही

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीच्या यात्रेची गर्दी लोटली की फोन लागणं मुश्कील होतं. अशा वेळी कुणीतरी म्हणतंच, “क्वांटम इंटरनेट येऊ द्या, मग बघा!” केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी सुमारे ६,००३ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, तेव्हापासून हा शब्द बातम्यांत सतत दिसतो आणि त्याच्या मागोमाग भलत्याच अपेक्षाही वाढतात. या संशोधनात मुंबई-पुण्याचा मोठा वाटा आहे. त्यामुळे ते नीट समजून घेणं आपलंच काम आहे.

गैरसमज: क्वांटम इंटरनेट म्हणजे जास्त वेगाचं इंटरनेट.

व्हिडिओ, फोटो, यूपीआय हे सगळं यापुढेही आजच्याच इंटरनेटवरून चालणार आहे. क्वांटम नेटवर्कचं काम वेगळं आहे. दोन दूरच्या ठिकाणी असलेल्या क्युबिटांमध्ये, म्हणजे क्वांटम माहितीच्या एककांमध्ये, एंटँगलमेंट, म्हणजे क्वांटम गुंफण, तयार करायची आणि ती टिकवायची. गुंफलेल्या कणांमुळे निरोप प्रकाशाहून वेगाने जातो, असंही सांगितलं जातं. तेही खोटं. दोन्हीकडच्या मापनांचा एकमेकांशी मेळ बसतो हे खरं, पण मापनात काय निघेल ते कुणालाच ठरवता येत नाही, मग निरोप धाडणार कसा? टेलिपोर्टेशनमध्ये, म्हणजे गुंफणीच्या आधारे क्युबिटची अवस्था दुसरीकडे पोचवतानासुद्धा, प्रत्येक क्युबिटमागे दोन साधे बिट नेहमीच्या मार्गाने पाठवावेच लागतात. ते पोचल्याशिवाय पलीकडच्याच्या हाती काही लागत नाही.

गैरसमज: दोन क्वांटम संगणक केबलने जोडले की ताकद दुप्पट.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. क्युबिट संस्थेत घडवले होते, नियंत्रणाची यंत्रणा डीआरडीओच्या पुण्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने उभी केली आणि बाहेरून आज्ञा देण्याची सोय टीसीएसने केली. अशा ६ क्युबिटच्या अवस्थेत ६४ शक्यता एकत्र नांदतात. तसाच दुसरा प्रोसेसर आणून साध्या केबलने जोडला, तर हाती येतात ६४ आणि ६४, दोन सुटे संच. तेच दोघे गुंफणीने जोडले तर १२ क्युबिटचं एकच यंत्र होतं आणि शक्यता होतात ४,०९६. एकाच चिपवर हजारो क्युबिट बसवणं फार अवघड असल्यामुळे लहान लहान यंत्रं गुंफून मोठं यंत्र करायचं, हा वितरित क्वांटम संगणनाचा सगळा खटाटोप आहे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये हे करून दाखवलं. आयन कोंडून ठेवलेली दोन यंत्रं, मध्ये प्रकाशाचा दुवा आणि अंतर जेमतेम दोन मीटर. दोन्ही मिळून एक शोध-अल्गोरिदम चालवला तेव्हा सुमारे ७१ टक्के वेळा बरोबर उत्तर आलं. ही मोठी झेप आहे, आणि अजून किती चालायचं आहे तेही त्या दोन मीटरमधून कळतं. कुलाब्यातल्यासारख्या अतिवाहक क्युबिटांपुढे आणखी एक अडचण आहे. ते निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळच्या तापमानात, मायक्रोवेव्हवर चालतात. तो संकेत फायबरमधून न्यायचा तर आधी त्याचा प्रकाश करावा लागतो, आणि क्वांटम अवस्था न बिघडवता तो करणं अजून पुरतं साधलेलं नाही.

गैरसमज: फायबर तर सगळीकडे आहेच, त्यातूनच क्वांटम संकेत सोडायचे.

येरमाळा ते पुणे रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. उत्तम फायबरमध्येसुद्धा दर १५ किलोमीटरला सुमारे निम्मे फोटॉन वाटेत नाहीसे होतात. या हिशेबाने येरमाळ्याहून निघालेल्या एक लाख फोटॉनांपैकी पुण्याला पोचेल एखादाच. चारशे किलोमीटरवरच्या मुंबईला दहा कोटींत एक. साध्या इंटरनेटमध्ये वाटेत अँप्लिफायर लावून संकेत पुन्हा ठणठणीत करता येतो. इथे ती वाट बंद आहे, कारण अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करताच येत नाही. हे १९८२ मध्ये सिद्ध झालं. त्यावर उपाय म्हणजे क्वांटम मेमरी असलेले रिपीटर: टप्प्याटप्प्यावर गुंफण तयार करायची, साठवायची आणि मग टप्पे एकमेकांना जोडायचे. ते अजून प्रयोगशाळांतच आहेत. निरोप कुलूपबंद करायची गुप्त किल्ली पाठवणारा चीनचा बीजिंग-शांघाय हा दोन हजार किलोमीटरचा क्वांटम मार्ग २०१७ पासून चालू असला, तरी तिथे मधल्या प्रत्येक ठाण्यावर ती किल्ली उघडी होते आणि त्या ठाण्यावर विश्वास ठेवावा लागतो.

गैरसमज: क्वांटम सुरक्षा आली की फसवणूक थांबेल.

अशी क्वांटम मार्गाने पाठवलेली किल्ली, म्हणजे क्वांटम किल्ली, चोरून वाचायचा प्रयत्न झाला तर तो उघडकीस येतो, इतकंच तिचं वचन आहे. आपले पैसे अनेकदा जातात ते आपणच ओटीपी सांगितल्यामुळे. त्यावर कुठलंही भौतिकशास्त्र चालत नाही.

गैरसमज: हे सगळं परदेशातलं, आपला काय संबंध?

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीने प्रयागराज ते विंध्याचल या शंभराहून अधिक किलोमीटरवर, आधीच टाकलेल्या फायबरमधून क्वांटम किल्ली पाठवली. मिशनचं उद्दिष्ट दोन हजार किलोमीटरचं आहे. मिशनचं क्वांटम सेन्सिंगचं, म्हणजे अतिसूक्ष्म मापनाचं, केंद्र आयआयटी मुंबईकडे आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत थंड अणूंवर काम चालतं, आणि अणू थेट प्रकाशाशी बोलत असल्याने नेटवर्कसाठी ते फार उपयोगी आहेत. आयबीएमने तर २०१६ पासून आपला क्वांटम संगणक क्लाउडवर खुला केला आहे. येरमाळ्यातला एखादा विद्यार्थी साध्या मोबाइल डेटावरून त्याला आज्ञा देऊ शकतो. हे क्वांटम इंटरनेट नव्हे, पण हात बसवायला पुरेसं आहे.

घरात बारावी सायन्सचं मूल असेल, तर नीट आणि जेईईच्या जोडीला अशा संशोधनाकडे नेणारी आयसरची प्रवेश परीक्षाही असते, एवढं त्याला जरूर सांगा.