वीस मैलांचें अंतर

ईस्ट पॅलेस्टाइन हें अमेरिकेच्या ओहायो राज्यांतील लहानसें गांव. तेथें ३ फेब्रुवारी २०२३ रोजीं नॉरफोक सदर्न कंपनीच्या मालगाडीचे ३८ डबे घसरले. कारण, एका चाकाचें तापलेलें बेअरिंग! उष्णता मोजणाऱ्या दोन यंत्रांमध्यें सुमारें २० मैलांचें अंतर होतें. दुसऱ्यानें इशारा दिला तोंवर उशीर झाला. पुढें स्फोटाच्या भीतीनें ५ डब्यांतील व्हिनाइल क्लोराइड हें विषारी रसायन मुद्दाम जाळण्यांत आलें. तें अनावश्यक होतें, असा निष्कर्ष तेथील राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळानें २०२४ सालीं काढला. रहिवाशांच्या दाव्यांत कंपनीनें ६० कोटी डॉलर भरपाई मान्य केली. परंतु भरपाई हें प्रायश्चित्त होय, कर्तव्य नव्हे. ज्यास गाडीचा नफा, त्यानेंच चाकाची काळजी आधीं वाहिली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.