अंगणातील जीपचा जीर्णोद्धार

माळव्यात किंवा बेळगावच्या पंचक्रोशीत ज्या मराठी घरांची शेती गावापासून दूर होती, त्यांपैकी काहींच्या मागील अंगणात एखादी जुनी जीप आजही ताडपत्रीखाली उभी आढळते. आजोबांनी तिच्यातून बी-बियाणे नेले, अडलेल्या बाळंतिणीला भर पावसात शहरात पोहोचविले, घरच्या वरातीतही तीच पुढे राहिली. आता नातवंडांना ती पुन्हा चालती करावीशी वाटते. इच्छा स्तुत्य आहे. मात्र गाडी चालती करणे आणि गाडी बदलून टाकणे यांतील भेद आरंभीच ध्यानी घ्यावयास हवा. नाहीतर हौसेचे काम गाडीच्या, प्रसंगी माणसाच्याही जिवावर बेतते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी ही गाडी लक्षावधींच्या संख्येने बनविली. स्वातंत्र्यानंतर लवकरच महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जोडणी आरंभिली. आपल्याकडे अधिक दिसते ती उंच बॉनेटची सीजे-३बी. अमेरिकेत ती १९५३ ते १९६८ या काळात निघाली. भारतात त्यानंतरही कितीतरी वर्षे बनत राहिली. तिचे उंच नाक कोणास बेढब वाटेल, पण त्यास कारण आहे. सुमारे २२०० घन सेंटिमीटरच्या तिच्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये बसविलेले आहेत, तर धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते झाकण्यासाठी बॉनेटही वर चढवावे लागले. या गाडीत शोभेखातर केलेले असे फारसे काहीच नाही. म्हणूनच एखादा भाग काढून टाकण्यापूर्वी तो तेथे का आहे, हे मिस्त्रीला विचारावे.

पाना हाती घेण्याआधी कागद पाहावेत. पुष्कळ घरांत गाडी अद्याप दिवंगत आजोबांच्याच नावे असते. ती वारसाच्या नावे करण्यासाठी ३१ क्रमांकाचा अर्ज असतो. पंधरा वर्षे उलटलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी २५ क्रमांकाचा. चासीवर कोरलेल्या क्रमांकाचा, कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून, ठसा घ्यावा आणि मगच गंज खरवडावा. घासण्याच्या यंत्राखाली तो क्रमांक पुसला गेला, तर पुढे ती गाडी आपलीच, हे सिद्ध करणे कठीण होऊन बसते.

गाडी उघडताना दोन गोष्टींचे भय बाळगावे. पहिली हँडब्रेक. नेहमीच्या मोटारीत तो मागील चाकांना धरतो. या जीपमध्ये मात्र तो ट्रान्स्फर केसच्या मागे, फिरत्या शाफ्टला धरतो. याचा अर्थ असा की, मागचे एक चाक जॅकवर उचलले की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळू शकते, कारण डिफरन्शियलमधून उचललेले चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरच्या चाकालाही उलट दिशेने फिरू देते. तेव्हा टेकलेल्या चाकांना पुढून-मागून दगड वा लाकडी ठोकळे लावावेत, आणि केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये; भक्कम घोड्या लावाव्यात. दुसरी गोष्ट पेट्रोलची टाकी. ती चालकाच्या आसनाखालीच असते. तळाचा गंजका पत्रा कापून नवा जोडताना वेल्डिंगची ठिणगी तेथून हातभर अंतरावर उडते. टाकी रिकामी केली म्हणजे धोका टळला, ही समजूत घातक आहे; रिकाम्या टाकीत राहिलेली वाफच भडका घेते. टाकी काढून दूर न्यावी.

सुट्या झालेल्या नटबोल्टांसाठी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांसारखे साधन नाही. प्रत्येकीवर चिठ्ठी डकवावी. ‘सारे लक्षात राहील’ म्हणणाऱ्यांच्या घरी जीप वर्षानुवर्षे विटांवर उभी राहिलेली पाहिली आहे.

पुढील चाके ठराविक वेगात थरथरू लागतात, ही या गाडीची जुनी व्याधी. पुष्कळदा नवे टायर घेऊनही ती जात नाही. चाक ज्या किंगपिनच्या बेअरिंगवर वळते, ती झिजलेली असतात. तेथील पातळ शिम बदलून ताण जुळविला आणि स्टिअरिंगच्या जोडांतील ढिलाई काढली की बहुधा थरथर थांबते. पाट्यांच्या बुशांकडेही त्याच वेळी पाहावे. रंग सर्वांत शेवटी.

आता तरुणांच्या आवडीचा विषय. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव नटविलेल्या उघड्या जीपगाड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील रुंद टायर आणि दुसऱ्याच गाडीचे डिझेल इंजिन पाहून आपल्या जीपलाही तेच हवे, असा हट्ट होतो. येथे वडीलधाऱ्यांनी ठाम राहावे. सीजे-३बीचे मूळ टायर ६.००-१६ मापाचे आणि ब्रेकचे ड्रम अवघे नऊ इंचांचे. चाक मोठे झाले की तेच ड्रम गाडीला पूर्वीइतक्या अंतरात थांबवू शकत नाहीत, स्टिअरिंग जड होते, आणि वेगमापकाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवू लागतो. कायद्याची बाजूही आहेच. मूळ रचनेपासून नोंदपुस्तकातील तपशील भिन्न होईल असा बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. इंजिन बदलणे भागच असेल, तर परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. शिवाय २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना जी स्वतंत्र ‘व्हीए’ नोंदणी उपलब्ध झाली, ती मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठीच आहे. तशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हे मात्र अर्ज करण्यापूर्वी घरात सर्वांना सांगावे.

मग हौस कोठे भागवावी? कॅनव्हासच्या छतात. ताडपत्री शिवणाऱ्याकडून माप देऊन ते करून घ्यावे, बाजूचे पडदे गुंडाळता येतील असे ठेवावेत, आसनांना जाड खादी चढवावी, हत्यारांची पेटी बोल्टने बसवावी. जे बोल्टने बसते ते बोल्टने निघतेही; चासी कापून केलेले काम परत घेता येत नाही.

सर्व जुळून आले की पहिली फेरी शेतात मारावी. तेथे पुढील चाकांचा दांडा गुंतवून, धीम्या गिअरात, ओल्या काळ्या मातीतून जीप निघते की नाही ते पाहावे. परतताना डांबरी रस्त्यावर चढण्याआधी मात्र तो दांडा काढावा. वळणावर पुढील चाके मागील चाकांहून लांबचा मार्ग कापतात. मऊ मातीत ती तेवढी घसरून घेतात, कोरड्या डांबरावर घसरू शकत नाहीत, आणि तो सारा पीळ नुकत्याच बसविलेल्या गिअरांवर येतो.